१९६७ ची कॅमॅरो : सस्पेन्शनचे कोणते भाग आधी बदलावेत?

निळा_सांगाडा

माझ्याकडे १९६७ ची शेव्हरोले कॅमॅरो आहे. इंजिन ३२७ घनइंचांचे, गिअर चार, पुढे मूळच्याच कॉइल स्प्रिंगा आणि मागे मूळचेच एकपाटी पाटे (एकाच लवचिक पोलादी पट्टीच्या स्प्रिंगा). मी ओहायोत राहतो. उन्हाळ्यात ही गाडी मुख्यतः गावांमधून जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यांवर चालते आणि अधूनमधून ती ऑटोक्रॉसला, म्हणजे मोकळ्या पटांगणात शंकू मांडून घेतल्या जाणाऱ्या वेळेच्या स्पर्धेला, न्यावी अशी माझी इच्छा आहे.

तक्रारी तीन आहेत. ताशी साठ मैलांच्या पुढे गाडी सरळ राहत नाही, स्टिअरिंग सतत इकडून तिकडे सावरत बसावे लागते. वळणावर ती बाहेरच्या अंगाला फार झुकते. आणि पहिल्या गिअरमध्ये जोरात निघाल्यास मागची चाके रस्त्यावर थडथड आपटू लागतात.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत : चारही चाकांसाठी कॉइलओव्हरचा (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेल्या भागांचा) पूर्ण संच; गाडी दोन इंच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, जाड स्वे बार (गाडीचा झुकाव रोखणारी आडवी सळई) आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांचा एकत्रित संच; किंवा पुढची सबफ्रेमच (पुढचे सस्पेन्शन आणि इंजिन धरणारी चौकट) काढून तिथे नवी सबफ्रेम. तिसरा पर्याय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. सध्या तीन हजार डॉलर बाजूला काढले आहेत आणि शक्य असेल तर मूळ सांगाड्याला वेल्डिंग करायचे नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

त्रिज्या

आपल्या तीन तक्रारींची मुळे बहुधा तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. एकच संच विकत घेऊन त्या तिन्ही जातील असे मला वाटत नाही, म्हणून खरेदीपूर्वी गाडी तपासावी असे मी आग्रहाने सांगेन.

या गाडीत पुढची स्प्रिंग खालच्या कंट्रोल आर्मवर (चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यावर) बसते, त्यामुळे गाडीचा भार खालचा बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) वाहतो. तपासताना जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ जमेल तितका लावावा, म्हणजे त्या सांध्यावरचा स्प्रिंगचा ताण सुटतो आणि खरी ढिलाई हाताला कळते. चाक वर आणि खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंट आणि बेअरिंगची अवस्था समजते. डावीउजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉड आणि आयडलर आर्म या स्टिअरिंगच्या दांड्यांची. आयडलर आर्मकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तो झिजला की स्टिअरिंग बॉक्स कितीही चांगला असला तरी गाडी रस्त्यावर भरकटतच राहते.

त्यानंतर सबफ्रेमचे माउंट पाहावेत. या पिढीच्या कॅमॅरोची पुढची सबफ्रेम बॉडीला रबरी माउंटमधून बोल्टने जोडलेली असते. ते रबर दबून भुसभुशीत झाले असेल, तर सस्पेन्शनचा अख्खा पुढचा भाग बॉडीच्या तुलनेत थोडाथोडा सरकत राहतो आणि वर बसवलेल्या महागड्या भागांचा उपयोग निम्मादेखील होत नाही.

आता अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. कारखान्याने त्या काळी दिलेली मापे बायस-प्लाय (जुन्या, तिरप्या थरांचे) टायर गृहीत धरून ठरवलेली होती; त्यांत कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढेमागे कल) जवळजवळ शून्याच्या आसपास असे. आपल्या गाडीवर आज रेडियल टायर असणार. रस्त्यावर चालवण्यासाठी मी कॅस्टर धन ३ ते ५ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे अर्ध्या अंशाच्या जवळपास आणि टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किती आत वळलेल्या) एकूण एक षोडशांश ते एक अष्टमांश इंच ठेवीन. अलाइनमेंट करणाऱ्याकडे नुसती गाडी सोपवली तर तो संगणकातून १९६७ चीच मापे काढेल, म्हणून हवी ती मापे कागदावर लिहून द्यावीत. ताशी साठ मैलांच्या पुढची तक्रार मला प्रामुख्याने कॅस्टरच्या कमतरतेची वाटते.

मोपारप्रेमी

माझी गाडी डॉजची, त्यामुळे पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळया) आहेत. पण स्वे बारविषयी एक हिशेब दोन्हीकडे सारखाच लागू पडतो, तो इथे मांडतो.

पिळल्या जाणाऱ्या भरीव सळईचा कडकपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. लांबी आणि आकार तोच ठेवून एक इंचाच्या जागी सव्वा इंचाचा बार घातला, तर कडकपणा पंचवीस टक्क्यांनी वाढत नाही, तो सुमारे २.४ पट होतो. एक इंचावरून एक पूर्णांक एक अष्टमांश इंचावर गेले तरी साठ टक्के वाढ होते. जाहिरातीत ‘थोडा जाड’ म्हणून दाखवलेला बार प्रत्यक्षात किती कडक असतो, हे यावरून लक्षात येईल. पुढे इतका कडक बार घालून मागे काहीच केले नाही, तर गाडी झुकणार नाही हे खरे, पण वळणात तिचे नाक बाहेर जात राहील.

वळणवेडी

मी ऑटोक्रॉसमध्ये नियमित भाग घेते, म्हणून त्या बाजूने लिहिते. अमेरिकेतील एससीसीए या संस्थेच्या स्पर्धांमध्ये अमेरिकन मसल गाड्यांसाठी सीएएम नावाचा गट आहे आणि जुन्या गाड्यांना त्यात वेगळा उपवर्ग आहे. तिथे टायरचा ट्रेडवेअर अंक (टायर किती हळू झिजतो ते सांगणारा) किमान २०० असावा लागतो. आपल्याला त्या वाटेने जायचे असेल तर टायरचा निर्णय सर्वांत आधी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चौदा किंवा पंधरा इंची चाकांसाठी चांगली पकड देणारे टायर आज फार थोडे मिळतात. सतरा इंचांपासून निवड एकदम विस्तारते. आणि चाकाचा व्यास, रुंदी, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते) ठरल्याशिवाय गाडी किती खाली बसवता येईल हे सांगता येत नाही, कारण टायर फेंडरच्या कडेला कुठे लागेल हे त्यावरच अवलंबून असते.

दुसरे म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. तीन हजारांतला सर्वांत मोठा वाटा मी तिथे घालेन. नव्या स्प्रिंगांना जुने किंवा स्वस्त शॉक जोडले तर प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी दोनतीनदा डोलते, आणि चालकाला वाटते की स्प्रिंग चुकीची निवडली. चांगला मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉक, मग तो न बदलता येणाऱ्या व्हॉल्व्हिंगचा का असेना, रस्त्यावरच्या गाडीला पुरतो. दुहेरी अ‍ॅडजस्टमेंटचे शॉक मोहात पाडतात, परंतु कॉम्प्रेशन (दबणे) आणि रिबाउंड (पुन्हा उघडणे) यांत नेमके काय बदलले म्हणजे काय घडते हे वेळ मोजत, एका वेळी एकच बदल करत तपासायची तयारी असेल तरच ते घ्यावेत.

जोड_धातू

कॉइलओव्हरबद्दल लिहितो, कारण वेल्डिंग हे माझे रोजचे काम आहे आणि या प्रकारच्या गाड्या माझ्याकडे येतात.

कॉइलओव्हर वाईट नाहीत. राइड हाइट नेमकी लावता येते, स्प्रिंग बदलणे सोपे जाते आणि निरनिराळ्या कडकपणाच्या स्प्रिंगा सहज मिळतात. प्रश्न आहे भार कुठून वाहतो याचा. मूळ रचनेत गाडीचे वजन स्प्रिंगच्या वरच्या खोबणीतून सबफ्रेमवर येते, आणि शॉकच्या वरच्या टोकाला फक्त शॉकचा स्वतःचा जोर सोसावा लागतो. शॉकच्याच जागी कॉइलओव्हर बसवून वरचे टोक त्याच लहान छिद्राला अडकवले, तर जिथे पूर्वी शॉकचा जोर होता तिथे आता गाडीच्या पुढच्या कोपऱ्याचा सगळा भार येतो. वरचा भार मूळ स्प्रिंगच्या खोबणीवरच टेकवणारे संच मिळतात; पुढे बसवायचेच असतील तर तसेच घ्यावेत. मागे तर पाट्यांची गाडी आहे. तिथे खरे कॉइलओव्हर लावायचे म्हणजे पाटे काढून चार दुव्यांची रचना किंवा टॉर्क आर्म (मागचा ॲक्सल धरून ठेवणारे दांडे) बसवणे आले, त्यासाठी वरचे क्रॉसमेंबर आणि कंसांचे वेल्डिंग आले. आपल्याला वेल्डिंग नको असल्याने पूर्ण कॉइलओव्हर संचाचा पर्याय मी आपल्या यादीतून काढून टाकला असता.

वेल्डिंगच्या बाबतीत एकाच गोष्टीचा पुनर्विचार करावा, ती म्हणजे सबफ्रेम कनेक्टर. या गाडीला पुढे सबफ्रेम आणि मागे बॉडीचाच भाग असलेल्या रेल. मधे त्यांना सरळ जोडणारे काही नाही. बोल्टचेही कनेक्टर येतात. वेल्ड केलेल्यांइतके ते ताठ नसतात, पण मूळ बॉडी तशीच ठेवायची असेल तर तेवढे पुष्कळ आहे.

निळा_सांगाडा

सर्वांचे मनापासून आभार. त्रिज्याताईंनी सांगितले तसे जॅक खालच्या आर्मखाली लावून तपासले. उजव्या बाजूचा खालचा बॉल जॉइंट स्पष्टपणे हलतो आणि आयडलर आर्म वरखाली होतो. वरच्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरी वेष्टने) इतके कडक झाले आहेत की नख लावल्यावर रबराचा चुरा पडतो. सबफ्रेमचे माउंट आधीच्या मालकाने बदललेले दिसतात, ते ठीक आहेत. टायर पंधरा इंची रेडियल आहेत आणि जुने आहेत.

जवळच्या एका दुकानात विचारणा केली तेव्हा त्यांनी हे काहीही न पाहता थेट दोन इंच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांचा संच सुचवला. आता प्रश्न असा की स्प्रिंग किती कडक घ्यावी? जाहिरातीत ५५० पौंड प्रतिइंच असे आकडे दिसतात, आणि ते मूळच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट आहेत असे सांगितले जाते. अशी गाडी दगडासारखी उसळेल का?

त्रिज्या

तो आकडा एकटा पाहिला की भीती वाटणे स्वाभाविक आहे, पण स्प्रिंग चाकावर थेट बसलेली नाही. ती आर्मच्या साधारण मध्यावर बसते, त्यामुळे चाक एक इंच वर गेले तर स्प्रिंग अर्ध्या इंचाच्या जवळपासच दबते. चाकाला जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले त्या गुणोत्तराचा वर्ग. गुणोत्तर ०.५ धरले तर ५५० ची स्प्रिंग चाकापाशी जेमतेम १३७ पौंड प्रतिइंच भरते.

यापुढे पाहायची ती गाडीची नैसर्गिक कंपनसंख्या. चाकाचा कडकपणा भागिले त्या कोपऱ्यावरचे स्प्रिंगांनी उचललेले वजन, त्याचे वर्गमूळ, गुणिले ३.१३. पुढच्या कोपऱ्यावर ८०० पौंड धरले तर ३०० च्या स्प्रिंगेला ती सुमारे ०.९६ हर्ट्झ येते, ५५० च्या स्प्रिंगेला १.३ हर्ट्झ आणि ६०० च्या स्प्रिंगेला १.३५. एकच्या आसपासची गाडी मऊ आणि डोलणारी असते, १.३ ची गाडी रस्त्यावर चपळ वाटते पण त्रासदायक होत नाही. दीडच्या पुढे मात्र रोजच्या वापरात कंटाळा येऊ लागतो. आपल्या गाडीचे वजन आणि गुणोत्तर प्रत्यक्ष मोजून याच सूत्रात घालावे. गुणोत्तर मोजणे अवघड नाही : स्प्रिंग काढलेली असताना चाक एकेक इंच उचलत स्प्रिंगच्या जागेची उंची मोजायची.

मागची कंपनसंख्या पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी. अभियंता मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलेले हे तत्त्व आहे. उंचवट्यावर पुढची चाके आधी उचलली जातात, मागची नंतर. मागचा भाग किंचित जलद हलला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी पुढेमागे हेलकावण्याऐवजी सपाट वरखाली होते.

दोन इंच खाली बसवण्याबद्दल मात्र मी सावध करेन. या पिढीच्या कॅमॅरोत चाक वर जाताना कॅम्बर हवा तसा आत वळत नाही. वळणात बाहेरचे चाक उलट बाहेर कलते आणि टायरची बाहेरची कडा घासली जाते. नुसत्या आखूड स्प्रिंगांनी ही भूमिती सुधारत नाही, वर दबायला उरलेली हालचाल मात्र कमी होते आणि गाडी बंप स्टॉपवर (हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळू लागते. शर्यतपटू डिक गुल्डस्ट्रँड यांच्या नावाने ओळखला जाणारा बदल याच दोषावर आहे : वरच्या आर्मची जोडणी सबफ्रेमवर खाली घ्यायची. त्यासाठी सबफ्रेमला नवी छिद्रे पाडावी लागतात. छिद्रे नको असतील तर उंच बॉल जॉइंट आणि त्यांच्यासाठी बनवलेले वरचे आर्म घ्यावेत. या आर्ममध्ये बॉल जॉइंट मुळातच थोडा मागे बसवलेला असतो, त्यामुळे शिमची (पातळ पत्र्यांची) चळत न लावता चार-पाच अंश कॅस्टर मिळतो. आपले वरचे बुश गेलेलेच आहेत, तेव्हा जुन्या आर्ममध्ये नवे बुश दाबून बसवण्याचा खर्च करण्यापेक्षा आर्मच बदलणे शहाणपणाचे ठरेल. या सबंध कामात पैशाचे सर्वाधिक मोल मला याच एका भागात दिसते.

पाटेकरी

मागच्या चाकांच्या थडथडीकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहितो.

१९६७ च्या सर्व कॅमॅरोंना मागे एकपाटी पाटे होते आणि दोन्ही शॉक ॲक्सलच्या पुढच्या बाजूला होते. जोरात निघताना ॲक्सलचे घर चाकांच्या उलट दिशेने फिरू पाहते, एकुलता एक पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो, मग सुटतो, पुन्हा वाकतो. तीच ती थडथड. दोन्ही शॉक एकाच बाजूला असल्यामुळे या पिळाला ते पुरेसा विरोध करू शकत नाहीत. १९६८ मध्ये कंपनीने एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे नेला आणि अधिक ताकदीच्या गाड्यांना बहुपाटी पाटे दिले, ते याचमुळे.

आपल्यासाठी बहुपाटी पाटे हाच योग्य उपाय आहे. मात्र एकपाटीच्या खालच्या प्लेटा आणि पॅड बहुपाटी संचाला चालत नाहीत. जुळणारे भाग सोबतच मागवावेत, नाहीतर काम अर्ध्यावर थांबते. गाडी खाली आणण्यासाठी पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालण्याचा स्वस्त मार्ग आपल्या बाबतीत टाळावा. ॲक्सल आणि पाटा यांतले अंतर वाढले की पिळाचा तरफेचा हातही वाढतो आणि थडथड अधिकच होते. कमी कमानीचे पाटे घेतल्यास हा प्रश्न येत नाही. त्यानंतरही थडथड उरली तर ट्रॅक्शन बारचा (ॲक्सलचा पीळ रोखणाऱ्या दांड्याचा) विचार करता येईल. पाटे बदलल्यावर पिनियनचा, म्हणजे ॲक्सलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचा, कोन मोजायला विसरू नये. प्रोपेलर शाफ्टला नवी थरथर लागल्यास कारण बहुधा तिथेच सापडते.

पाट्यांच्या पुढच्या डोळ्यात (टोकाच्या कड्यात) पॉलियुरेथेनचे बुश घालायचा आग्रह पुष्कळजण करतात. गाडी एका अंगाला झुकते तेव्हा त्या बुशला थोडे पिळावेही लागते, आणि कडक पॉलियुरेथेन तिथे अडून बसते, शिवाय वंगण सुकले की कुरकुरते. रस्त्यावरच्या गाडीत पुढच्या डोळ्यात मी रबरच ठेवतो. स्वे बारच्या जोडण्यांना पॉलियुरेथेन उत्तम.

जुना_घोडा

थोडे विषयाला जोडून विचारतो. माझी १९६६ ची मस्टँग आहे. हे सगळे तिलाही लागू होईल का?

त्रिज्या

तत्त्वे तीच, जागा वेगळ्या. मस्टँगमध्ये पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते, म्हणून भार वरचा बॉल जॉइंट वाहतो आणि तपासण्याची रीत उलटी होते : वरचा आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून गाडी सांगाड्यापाशी उचलावी. कॅम्बरच्या भूमितीसाठी वरच्या आर्मची छिद्रे एक इंच खाली घेण्याचा बदल आहे. फोर्डचे अभियंता क्लाउस आर्निंग यांचे ते काम. शेल्बीच्या जीटी ३५० या मस्टँगच्या आवृत्तीमुळे ते प्रसिद्धीस आले. सर्वप्रथम शॉक टॉवरना (स्प्रिंगचे वरचे टोक धरणाऱ्या भागांना) तडे गेले आहेत का ते मात्र नीट उजेडात पाहावे, कारण स्प्रिंगचा सगळा जोर त्यांच्यावर येतो.

वळणवेडी

निळा_सांगाडा यांच्यासाठी एक सूचना. स्वे बार सगळ्यांत शेवटी घ्यावा. आधी आर्म, शॉक, स्प्रिंगा आणि पाटे बसवून गाडी चालवावी. तिचा झुकाव किती उरला आणि वळणात नाक बाहेर जाते की शेपूट, हे कळल्यावर पुढचा बार किती जाड हवा आणि मागे मुळात हवा का, याचे उत्तर गाडीच देईल.

निळा_सांगाडा

सर्व वाचून निर्णय घेतला आहे. पहिल्या टप्प्यात खालचे बॉल जॉइंट, आयडलर आर्म, टाय रॉडची टोके, उंच बॉल जॉइंटसह वरचे आर्म आणि चारही मोनोट्यूब शॉक. त्याच टप्प्यात मागे बहुपाटी पाटे, जुळणाऱ्या प्लेटांसह. पुढच्या स्प्रिंगा गुणोत्तर मोजल्यावर, ५०० ते ५५० च्या दरम्यान, आणि गाडी एक इंचापेक्षा जास्त खाली नाही. चाके आणि टायर पुढच्या वर्षी सतरा इंची. तोपर्यंत ऑटोक्रॉस नाही. स्वे बार आणि बोल्टचे सबफ्रेम कनेक्टर त्यानंतर. वरचे आर्म आणि पाटे मी स्वतः बसवणार आहे, स्प्रिंगा मात्र स्प्रिंग दाबायचे साधन (कॉम्प्रेसर) असलेल्या अनुभवी माणसाकडून.

जोड_धातू

क्रम अगदी योग्य आहे, आणि स्प्रिंगांबाबतचा निर्णयही. दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर ती जीव घेऊ शकते.

स्वतः बसवणार आहात म्हणून एवढेच सांगतो. रबरी बुश असलेल्या जोडण्यांचे बोल्ट, म्हणजे पाट्यांचे पुढचे डोळे, शॅकल (पाट्याच्या मागच्या टोकाचा झुलता दुवा) आणि खालचे कंट्रोल आर्म, गाडी उचललेली असताना केवळ हाताने घट्ट होतील इतकेच आवळावेत. अशा बुशची आतली नळी बोल्टने कंसाशी जखडली जाते आणि हालचाल रबराच्या पिळातून होते. चाके लोंबकळत असताना पूर्ण टॉर्क दिला, तर गाडी खाली उतरवताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. उंची चुकते आणि काही महिन्यांत रबर फाटते. म्हणून गाडी चाकांवर टेकवावी, पुढून मागून दोनचारदा दाबून बसू द्यावी, थोडी पुढेमागे ढकलावी आणि मग तिच्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना हे बोल्ट शेवटच्या टॉर्कला आवळावेत. रॅम्प किंवा चाकांखाली ठेवायचे भक्कम स्टँड असतील तर खाली शिरायला जागा मिळते. नव्या स्प्रिंगा आणि पाटे काही शे मैलांत आणखी थोडे बसतात, त्यामुळे अलाइनमेंट आधी सावधपणे चालवण्यापुरती करून घ्यावी आणि गाडी बसल्यावर, यू-बोल्ट पुन्हा तपासून, त्रिज्याताईंनी दिलेल्या मापांवर आणावी.